गाडीच्या मागच्या डोळ्याची गोष्ट

हसू नका, देवाशपथ खरं सांगतो! साळ्यानं नवी गाडी घेतली म्हणून मी अमरावतीहून अकोल्याला, जुन्या शहरात गेलो. गडी नुसता हवेत!

“भाऊजी, आता रिव्हर्स घेताना मान वळवाचं कामच नाही. गाडीले मांगं डोया आहे!”

सकाळपासून तो गल्लीभर हेच सांगत होता. मला शेजारी बसवून त्यानं रिव्हर्स टाकला. आता मागच्या कॅमेऱ्यातलं सगळं समोरच्या पडद्यावर दिसणार होतं. दिसलं काय? भर दुपारी मिट्ट काळोख!

“काहीच दिसून नाही राह्यलं रे,” मी म्हणालो.

“म्हंजे मांगं काहीच नाही,” म्हणत पठ्ठ्यानं गाडी सोडली.

तेवढ्यात सासूबाई अशा ओरडल्या, की मूर्तिजापूरला ऐकू गेलं असेल! करकचून ब्रेक लागला. उतरून पाहतो, तर त्यांच्या तीन दिवस खपून केलेल्या कुरडयांची खाट बंपरपासून बोटभर दूर! आणि कॅमेरा ठार काळा.

“हे कोनं केलं?” साळा किंचाळला.

“म्या,” सासूबाई कडाडल्या. “सकायपासून साऱ्या गल्लीले सांगून राह्यला, गाडीले डोया आहे, डोया आहे! नजर लागू नये म्हून काजय भरलं त्यात!”