कागदावरचा पासष्ट

आजोबा कुनाला म्हनतीस गं? आनि डोकं तपासायचं ते कुनाचं, माझं? अगं, आधी तुझ्या त्या डॉक्टरचं तपास!... हे असं त्या नर्सला तिथंच सुनवायला पायजे हुतं मी. पन दंडाला तो पट्टा आवळलेला, हवा भरतीय फुस् फुस्, आनि बोललं की म्हनं आकडा चढतो! बोलायची सोय न्हाई! म्हनून आता बोलतो, तुम्हा गाववाल्यांच्याम्होरं.

तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं झाली, ह्या डोंगरावरनं कोबी भरायची आनि खाली राजधानीत, सोलच्या बाजारात न्यायची. घाटात अठ्ठेचाळीस वळनं! अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पाठ हायेत मला. तरी सरकार म्हनतं, पासष्ट झालं की ड्रायव्हरनं इस्पितळात जाऊन अंगानं आनि डोक्यानं धड हाय असं लिहून आनायचं, न्हाईतर ट्रक अंगनात. बरं बाबा, आनतो. गेलो.

पयला आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर. नर्स म्हनती, ‘आजोबा, दहा मिनिटं शांत बसा हं.’ बसलो की! समोर टीव्ही. टीव्हीवर काय चाललंय? म्हातारा ड्रायव्हर गाडीसकट दुकानात घुसला, त्येची बातमी! आनि बाकावरची समदी बाया-मानसं बातमी बघत्यात आनि मग माझ्याकडं बघत्यात... दहा मिनिटांनी एकशे नव्वद! मग मीच डोळं मिटलं, मनातल्या मनात गाडी काढली, दुसऱ्या गियरात घाट उतरलो, एकेक वळन घेत. अठ्ठेचाळिसावं संपलं तवा एकशे अडतीस! पास! औषध त्येंचं न्हाई, घाट माझा!

डोळं पास. कान पास. मूठ दाबायला लोखंडाचा चिमटा दिला, तो असा दाबला की डॉक्टरच म्हनला, ‘बास, बास.’ डॉक्टर म्हंजे काय, गालावर मुरुमं! सकाळी माझ्यादेखत पांढरी गाडी लावत हुता दारात. पाच येळा म्हागंम्होरं केली, तरी कुंडी फोडली. त्यो मला पास करनार! बैलाची परीक्षा कोंबडीनं घ्यायची!

मग म्हनला, ‘आता थोडे सोपे प्रश्न, आजोबा.’ आवाज कसा? बाळाला भात भरवताना काढत्यात तसा. ‘आज तारीख काय आहे?’

म्हनलं, तीन.

‘तीन? बरं... महिना?’

आठवा.

त्यो नर्सकडं बघतो, नर्स त्येच्याकडं बघती. खाली मान घालून फुली! अरे, फुली कशापायी? आठव्या म्हयन्याची तिसरीच की! पंधरावीला चुसोकचा सन, पितरांना पान वाढायचं, त्येच्या आत कोबी बाजारात पोचायला पायजे, म्हंजे बारा दिवस ऱ्हायले. ह्यो हिशेब ह्या गावात शेंबड्या पोराला बी येतो! त्यो म्हनतो, ‘आज ऑगस्टची एकोणतीस आहे, आजोबा.’ असंल की तुझ्या भिंतीवर! माझा सन चंद्रावर येतो, भिंतीवर न्हाई!

‘बरं, वय किती तुमचं?’

आता बोला! काय सांगू? गावच्या मोजनीनं, जन्मताच एक धरून, चौसष्ट. जन्मापास्नं मोजलं तर त्रेसष्ट. कागदावर पासष्ट. तुम्हास्नी ठावं हाय, त्येला न्हाई. माझ्या आधी एक भाऊ झाला हुता. दोन वर्षांचा व्हायच्या आतच गोवरानं गेला. बानं त्येचं नाव कागदावरनं काढलंच न्हाई. लांबची चावडी, बरफाचं दिस, कोन जातंय चालत? दुसऱ्या साली मी झालो तर म्हनला, ‘एक पोरगं लिवलेलं हाय की तिथं, तेच हे.’ संपलं! शाळेत बी दोन वर्षं आधी घातला, बाकावर बसलो तर फळा दिसायचा न्हाई मला. त्यो बिचारा दोन वर्षं बी जगला न्हाई, आनि कागदावर म्हातारा होत ऱ्हायला!

मी खरं बोललो, त्रेसष्ट. फुली! ‘जन्मसाल?’ बारा जनावरांच्या सालांतलं माझं डुकराचं. त्येच्या कागदावर भावाचं, कोंबड्याचं. फुली! मग म्हनं शंभरातनं सात वजा करत जावा. कशापायी सात? जाळीत गड्डे तीन भरत्यात! तीन-तीननं विचार, हजारापास्नं खाली येतो! न्हाई, सातच पायजे. त्र्यान्नव... शहाऐंशी... आनि तिथं मला राग आला. राग आला की आकडा पळतो. फुली!

शेवटी काय विचारावं? ‘आजोबा, अलीकडे जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का?’

म्हनलं, सकाळी नऊपास्नं वाटतंय!

ती बी फुली! त्येनं खरंच लिवलं!

मग हातात चिठ्ठी. ‘विचारशक्ती संशयास्पद. गुरुवारी परत या. पुन्हा असंच झालं तर शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे, तिथं नंबर दोन महिन्यांनी.’ दोन म्हयनं! म्या म्हनलं, डॉक्टर, अठ्ठेचाळीस वळनं सांगतो, कुठं बरफ साचतं, कुठं दगड पडतो, विचार की! तर म्हनतो, ‘तो प्रश्न कागदावर नाही, आजोबा.’

घरी बायको म्हनती, ‘अहो, एवढं काय, कागदावर हाय ते बोलायचं नि मोकळं व्हायचं! तुमच्या खरेपनानं कोबी कुजंल.’ खोटं न्हाई तिचं. रानात गड्डे फुटायला लागल्यात. माझे एकट्याचे न्हाईत, तुमचे बी हायेत. खाली मान काय घालता? दुसरा ट्रक सनाच्या गर्दीत कोन देतोय तुम्हाला?

तर झालं! अठ्ठेचाळीस वळनं पाठ असून उपेग न्हाई, गुरुवारी सकाळी मला माझा मेलेला भाऊच व्हायला पायजे. सत्तावन्न सालचा, पासष्ट वर्षांचा, आनि शान्यासारखा शंभरातनं सात काढनारा. खरा मी नापास, मेलेला पास!

ए सरपंच बांग! त्यो माक्कोलीचा, तांदळाच्या दारूचा वाडगा ठेव खाली. तू डॉक्टर हो. हां, अस्सा बस, तोंड जरा मूर्खासारखं कर... एवढं लागत न्हाई, बास. आता विचार मला. तारखेपास्नं सुरू कर.