मानाचा पाय

मंडळी, वत्सलावहिनी, चिरंजीव संतोष,

हातातली कामं टाकून तुम्ही सगळे आलात. मला बोलायला उठवलंय, पण दगडूनानाच्या माघारी दगडूनानाबद्दल बोलायचं म्हणजे जीभ जड होते. मागे त्याचा फोटो ठेवलाय, तिकडे मला बघवत नाही. तुमच्याकडे बघूनच बोलतो.

सकाळपासून एकच वाक्य ऐकतोय. नाना देवाच्या दारात गेला, भाग्यवान. मंडळी, मीही देव मानणारा माणूस आहे. पण हे वाक्य मला गिळवत नाही. नानाला दारात मरायचं नव्हतं. त्याला आत यायचं होतं.

मेंढरं घेऊन माळावर असताना त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर त्याला मेंदूचा झटका म्हणाले. दवाखान्यातून घरी आणल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडम सूस गावाहून स्कूटीवर यायच्या. मी शेजारी, ओट्यावर बसून बघायचो. नानाला खाटेवर बसवून त्या म्हणायच्या, टाच जमिनीला ठेवा आणि फक्त पंजा वर करा. नाना जोर लावायचा. पंजा जागचा हलायचा नाही. गुडघा वर यायचा, मांडी वर यायची, खांदासुद्धा उचलला जायचा. नाना म्हणाला, "मॅडम, एकाला बोलवावं तर समदी भावकी उठतीया."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, मी नेमकं हेच तपासतेय. एकटा पंजा यायला लागला की पाय तुमच्या ताब्यात आला समजा. मग वहिनी रोज चुलीजवळून विचारायच्या, आज किती जण आले? नाना म्हणायचा, "समदीच. जेवूनच जात्याल."

पुढे तो चालायला लागला. बुटात पंजा वर धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी, डाव्या हातात काठी. पाय सरळ पुढे यायचा नाही, विळा फिरवावा तसा बाहेरून वळून यायचा. पण यायचा. मॅडम त्याला दारापासून रस्त्यापर्यंत चालवायच्या, घड्याळ बघायच्या, वळताना तोल कुठे जातो ते बघायच्या. गावाने त्याला डांबरी रस्त्यावर बघितलं आणि निकाल लावला, नाना बरा झाला.

मॅडमचा निकाल वेगळा होता. त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं. सपाटीवर चाला. बूट घालून, काठी घेऊन चाला. अनवाणी पायरी चढायची नाही. चढायचीच वेळ आली तर कोणाचा तरी हात धरा, आणि डावा पाय आधी टाका. जो पाय अंगाचा भार उचलतो, तो आधी.

नानाने एकच विचारलं, देवळात?

मॅडम म्हणाल्या, देवळातसुद्धा.

तेव्हा नाना म्हणाला, "मॅडम, ह्यो पाय मेला आसंल. पन मानाचा त्योच हाय."

मॅडमनी पुन्हा समजावलं. अगदी हात जोडून समजावलं. वहिनी चिडल्या, म्हणाल्या, "देव काय दारात बसून पाय बघतोय व्हय?" हात धरून आत जाणं नानाला लहान पोरासारखं वाटायचं. भैरोबाच्या आरतीला जन्मभर ताठ उभा राहिलेला माणूस तो. किती महिने तो रस्त्यावरूनच हात जोडत होता, ते मी बघितलंय.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही आत आरती म्हणत होतो. टाळांच्या आवाजात त्याची काठी ऐकू आली नाही. मी वळलो तेव्हा तो उंबऱ्यापाशी पोहोचलेला. बूट खाली काढून ठेवलेले, पट्टी बुटातच राहिलेली. त्याने उजवा पाय उचलला. मांडी आली. गुडघा आला. पंजा आला नाही.

पंजा उंबऱ्याला अडकला आणि नाना आतल्या दगडी फरशीवर डोक्यावर पडला. दवाखान्यात त्याला पुन्हा शुद्ध आली नाही.

तेव्हापासून मी देवाला एकच विचारतोय. उजव्या पायाचा मान तू सांगितलास का? मला तो माझ्या वडिलांनी सांगितला. नानाला त्याच्या आईने सांगितला. देवाच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. तुमच्यापैकी कोणी ऐकलाय का?

उत्तर आलेलं नाही. येईल असंही वाटत नाही. पण देवळाची पंचमंडळी इथे बसली आहेत, म्हणून बोलतो. दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी नळ्या लावा. दगडाला भोक पाडायला कोणी हरकत घेतली तर त्याला माझ्याकडे पाठवा. आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना आतून कोणीतरी सांगा, की जो पाय चालतो तो आधी घाल बाबा, ये.

आता श्रद्धांजली. अशा वेळी दोन मिनिटं उभं राहायची रीत आहे. पण काठी घेऊन आलेली तीन-चार माणसं मला इथून दिसतायत. मी उभं राहा म्हटलं की तीही उठणार. कोणी नको म्हटलं तरी उठणार, कारण आपण सगळे उभे आणि ती बसलेली, हे त्यांना सोसणार नाही. मी ओळखतो त्यांना.

म्हणून आज कोणीच उठू नका. धडधाकट माणसांनीही उठू नका. मीही खाली बसतो.

नाना, तुझ्यासाठी आम्ही बसून हात जोडतोय. गोड मानून घे.