डावीकडची लाथ

गेमच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे चाळिशीतले बहीणभाऊ उभे होते. भावाला गेम परत करायचा होता.

"ताई, लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळायचो, त्या मशीनसारखा हा नाहीच."

"चित्रं तीच, आवाज तोच. आणखी काय हवं तुला?"

"तिथे तुझ्याकडून मी एकदाही हरलो नव्हतो. काल घरी अकरा वेळा हरलो."

"मग?"

"तिथे डावीकडचा गडी लाथ मारायचाच नाही. इथे सारखा मारतो."

"बटण दाबून दाबून बोटं सुजायची माझी!"

"ते बटण बिघडलेलंच होतं ना."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं."

"म्हणून दर वेळी मला डावीकडे उभं करायचास?"

"अगं, रांग पुढे सरकली."

"सरकू दे. गेम पिशवीत टाक आणि घरी चल. डावीकडे मीच बसणार."