ओसरी नसलेलं घर

मुर्री गावाला जाणाऱ्या ऑटोत देवचंदसमोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. गावचं मोठं घर सोडून दोघं दोन खोल्यांत आली होती, एवढं त्याला बोलण्यावरून कळलं. पुढचं ऐकायला त्याने कान दिला.

"पडदे लागले. आता तुमची बाज आत लावू."

"मी गच्चीवर झोपतो."

"काऊन जी?"

"माह्या घोरण्यानं तुले झोप नाही येत. म्हणून तं गावी ओसरीत झोपत होतो."

"तुमचं घोरणं थांबलं का मी उठत होती."

"पाणी प्यायले उठत होती ना?"

"पाणी कायचं? तुमी जित्ते हाये का नाही, ते पाहायले येत होती."



"मंग आतच लाव. भिंतीकडून तू झोप."