गौरीच्या कढईतलं चायनीज

अगं, लग्नानंतरचा पहिलाच महिना. गाडीवर मिळतं तसं चिकन चायनीज घरी करायचं म्हणून मी माळ्यावरची मोठी लोखंडी कढई काढली. गॅस फुल केला, कोंबडी नि ढोबळी मिरची परतली, सोया सॉस ओतला, तेवढ्यात सासूबाई दारात.

"ती गौरीच्या निवदाची कढई हाय."

मी झटकन गॅस बंद केला. माझ्या माहेरी, पुण्याला, गौरीला पुरणपोळी! आणि मी देवीच्या कढईत कोंबडी परतलेली. नवरा साजगावला कंपनीत, घरात आम्ही दोघीच. सासूबाई पुढे आल्या, कढईतला एक तुकडा उचलून चावत राहिल्या. मी रडायच्या बेतात.

"घाबरतेस काय गं? आमच्या गौरीला कोंबडीच लागते. पण ही असली कच्ची ढोबळी मिरची वाढलीस, तर पुढल्या वर्षी यायची नाय ती!"