सखूमावशीची घागर

मशीनला काय कळतं म्हणता ना, तर सोनपेठकडचं ऐका. आमची परभणीची लॅब विहिरींच्या पाण्यात कोणते धातू उतरलेत ते तपासते. मी बाटली घेऊन विहिरीकडे निघालो, तर विहिरीशेजारी राहणाऱ्या सखूमावशी म्हणाल्या, "तुमी चहा घ्या, पाणी मी आणून देते." मीही बसलो.

चार दिवसांनी लॅबमधून फोन आला. "तांबं जास्त निघालंय. विहिरीवर 'पिऊ नये' म्हणून लाल खूण करावी लागेल." अख्खं गाव तेच पाणी पितं. मी परत पळालो.

"मावशी, पाणी विहिरीचंच दिलं होतं ना?"

"विहिरीचंच की. पण परभणीला जायचं म्हणून तांब्याच्या घागरीतलं दिलं. त्यात लय चांगलं ऱ्हातं."

मी कपाळावर हात मारला. या वेळी बाटली स्वतः विहिरीतून भरली. पाणी स्वच्छ निघालं. ते सांगायला गेलो तेव्हा मावशींना म्हणालो, "घागर पाण्यात अगदी कणभर उतरते. आपल्याला दिसत नाही, मशीनला दिसतं."

त्यांनी घागर जवळ ओढून आत डोकावलं. मग हळूच म्हणाल्या, "लग्नात आईनं दिलेली हाय. म्हंजे चाळीस वर्षं मी आईची घागर थोडी थोडी पियालेय."