लिफाफ्यातलं मत

माझा जन्म गोठ्यातला, पावणं. आई म्हशीची धार काढाय बसलीवती आनि तिथंच पोटात कळ आली, म्हनून मी पयल्यांदा डोळं उघडलं ते म्हशीकडं बघून, आनि म्हशीनंच मला पयलं चाटलं, मागनं सुईण आली. आता हे खरं का खोटं मला काय विचारता, मी तवा बारका हुतो, पन आई सांगायची आनि आईला कोन खोटं म्हननार. माझं नाव धोंडीराम, पन अख्खी गल्ली आप्पा म्हनती, आनि कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन नुसतं आप्पा म्हनलं तर दहा जन हात करून माझ्या दाराकडं बोट दावतील.

कट्टा म्हंजे काय तर आमी म्हशी घेऊन बाजारात उभं ऱ्हायचो, गिऱ्हाईक समोर आलं की त्याच्या डोळ्यादेखत धार काढायची आनि गिलास हातात द्यायचा, फेस असा की मिशा पांढऱ्या झाल्याबिगर मानूस घराकडं जायाचा न्हाय. माझी एक म्हस हुती, गंगी. तिच्या दुधाचा फेस इतका घट्ट की एकदा चिमनी येऊन त्याच्यावर बसली आनि बुडली न्हाय. हसू नका, बघनारी मानसं अजून जित्ती हायती, दोघं तिघं. आनि माझा आवाज म्हनाल तर मी कट्ट्यावर गंगीला हाक मारली की कागलच्या हमरस्त्यावरचं ट्रकवालं बिरेक दाबायचं. असा मी मानूस. पोटात काय ऱ्हात न्हाय माझ्या, जे मनात ते तोंडात, आनि तोंडातनं गावात. बायको म्हनती तुमच्यापरीस भोंगा बरा, त्याला बटन तरी असतंय.

तर मताचं सांगतो, तुमी त्यासाठीच आलाय. मी मत कवा चुकवलं न्हाय. आजवर जेवढ्या निवडनुका झाल्या, लोकसभा म्हना, विधानसभा म्हना, म्हानगरपालिका म्हना, समद्यांना मी गेलतो. एकदा तर पंचगंगेचं पानी गल्लीत शिरलंवतं तवा म्हशीच्या पाठीवर बसून मत द्याय गेलतो. बायको म्हनती तवा निवडनूकच नव्हती, नुसता पूर हुता, पन तिचं काय ऐकू नका. का जायाचो ते सांगतो. माझ्या पयल्या मताला मी रांगेत हुतो आनि माझ्या मागं कोन तर आमचा घरमालक, ज्याच्या दारात माझा बा चपला काढून हात जोडून उभा ऱ्हायचा, तो मानूस माझ्या मागं. तो म्हनला धोंड्या जरा सरक, मला घाई हाय. मी सरकलो न्हाय. अंगाला शेन, धोतराला दुधाचा वास, पन सरकलो न्हाय, आनि तिथल्या पोलिसानं बी त्यालाच मागं ऱ्हावा म्हनलं. तवापासनं मला रांग लई गोड लागती बगा, लोकं जत्रंला जात्यात तसा मी रांगेत जातो.

पन गेल्या बारीला काय झालं, रांगेत उभा ऱ्हाऊन गुडघं गेलं. उन्हाचा तिथंच बसलो ते उठताच ईना, चौघांनी उचलून आत नेला, मत दिलं आनि चौघांनीच उचलून घरी आनला. बायकोनं, हौसानं, त्या दिवशीच जाहीर केलं, परत रांग न्हाय. मग ही विधानसभा आली तवा आमच्या यादीवाल्या शोभाताई आल्या, अंगनवाडीच्या, घरोघरी नावं तपासत्यात त्या. त्या म्हनल्या आप्पा, तुमचं वय आता पंच्याऐंशीच्या वर गेलंय, तुमास्नी घरात बसून मत देता येतंय, पोस्टाच्या मतासारखं, कागदावर, फकस्त लिफाफा पोस्टात टाकायचा न्हाय, मानसं येऊन घेऊन जात्यात. मी म्हनलं, आनि रांग? त्या म्हनल्या रांग तुमच्या दारात येती.

म्हनलं मग ठीक हाय.

फारम बारा-ड म्हनत्यात त्याला. निवडनूक जाहीर झाल्याचा सरकारी कागद निघाला की पाच दिवसांच्या आत द्यायचं असतंय, उशीर झाला की झाला. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना हाय आनि ज्यांच्याकडं अपंगाचा दाखला हाय, शेकड्याला चाळीस आनि त्याच्या वरचा, त्यांना बी हाय, पन जबरदस्ती कुनाला न्हाय, ज्याला बूथवर जायचं त्यानं खुशाल जावं. ताईंनी फारम घरात आनून दिलं, सही घेतली आनि बजावलं, आप्पा, एकदा हे मंजूर झालं की यादीत तुमच्या नावाम्होरं खून पडनार, मग बूथवर गेला तरी मशीनला हात लावू द्यायचं न्हाईत. मी हो हो म्हनलं. आमच्या हौसानं बी हात म्होरं केला, मला बी द्या एक. तर तिचं वय कागदावर कमी निघालं. ती माझ्यापरीस दोनच वर्सांनी धाकटी, पन तिच्या बानं शाळंत घालताना काय सांगितलं देव जानं, कागदावर ती अजून ब्याऐंशीच्या म्होरं गेली न्हाय. मी म्हनलं हौसा, तू अजून तरनी हायस, रांगेत ऱ्हा उभी. चार दिवस बोलली न्हाय माझ्याशी.

मग तारीख आली. ताईंचा फोन आला, अमक्या दिवशी सकाळी टीम येनार, घरात ऱ्हावा. आनि नेमकं त्याच सकाळी माझा भाचा कागलास्नं गाडी घेऊन दारात, मामा, म्हस घ्यायची हाय, तुमच्याबिगर कोन पारखनार. आता सांगा, मानसाला चार दिवस थांबवता येतंय, म्हस थांबती व्हय, दुसरा कोन घेऊन गेला तर. म्हनलं जाऊन येतो, सरकारी मानसं कवा वेळेवर येत्यात.

तर ती वेळेवर आली.

दोन साहेब, एक पोलीस, एक कॅमेरावाला, आनि उमेदवारांची दोन मानसं बघाय. हौसा दारात. साहेबांनी विचारलं आजोबा कुठं, ती म्हनली म्हस बघाय गेल्यात. साहेब म्हनलं अहो, त्यांना चालता येत नाही म्हणून आम्ही घरी आलो ना? ती म्हनली चालता येत न्हायच, पन म्हशीसाठी पळता येतंय. ते समदं कॅमेऱ्यात घेतलंय म्हनं. साहेबांनी नोंद केली आनि सांगून गेले, अजून एकदाच येऊ, तेव्हा नसले तर संपलं, बूथवरही मत नाही आणि घरीही नाही.

मी घरी आलो, ऐकलं, आनि पावणं, काय सांगू तुमास्नी, तिथंच उंबऱ्यावर बसलो. घरमालकाला जे जमलं न्हाय ते म्या माझ्या हातानं केलंवतं, रांगेतनं सोताला बाहीर काढलंवतं. जेवन गेलं न्हाय. सून सुनीता म्हनली मामंजी खावा, अजून एक बारी हाय. हौसानं माझ्या वहाना लपवल्या, फेटा लपवला, भाच्याचा फोन आला की तिनंच उचलायचा आनि म्हनायचं आप्पा अटकेत हायती.

दुसऱ्या बारीला मी कोंबडं आरवायच्या आदी आंघोळ करून खुर्चीत. गल्ली समदी दारात, पोरगी बघाय पावनं यावीत तशी. टीम आली, तेच दोन साहेब, त्यातलं मोठं साहेब म्हंजे आजऱ्याकडचे मास्तर, शाळंत गनित शिकवत्यात. सुनीतानं चहा आनला तर साहेब म्हनलं नको, मतदाराच्या घरचं पानीबी आमी घेत न्हाय. हौसाला ते लागलं, आमच्यात दारात आलेला चहाबिगर गेला तर वैर धरल्यावानी. ती पुटपुटली, मत न्यायचं आनि चहा नको. मग साहेबांनी घरच्या समद्यांना भाईर काढलं. सून म्हनली मामंजींना बारीक अक्षर दिसत न्हाय, मी थांबते, मी म्हनलं चश्मा हाय, तू जा. हौसा जाताना म्हनली, गप बसायचं असतंय म्हनं आत, बगू जमतंय का.

टेबलावर पुट्ट्याचा आडोसा उभा केला. आदी एका कागदावर सही घेतली की मीच तो धोंडीराम, साहेबांनी त्याच्यावर त्यांची सही केली. मग मतपत्रिका दिली, पेन दिलं, म्हनलं ज्याला द्यायचं त्याच्या नावाम्होरं खून करा, दुसरं काही नको. मी आडोशामागं वाकलो. पेन उघडलं. आनि कागदाच्या वर, मधोमध, श्री काढला.

आता तुमीच सांगा. माझ्या बानं मला पाटीवर पयला हात धरून काढाय लावला तो श्री. दुधाचा हिशेब लिवला तर वर श्री, म्हशीची पावती केली तर वर श्री, एकदा सावकाराला शिव्या लिवून धाडल्या तरी वर श्री. पेन कागदाला लागलं की हात आदी वर जातोय, मी नेत न्हाय त्याला. आनि काढला बी असा झोकदार, वेलांटी पार कडेपातूर. काढून झाल्यावर मलाच बरं वाटलं, म्हनून मी आडोशामागनं म्हनलं, साहेब, श्री काढला, आता मत देतो.

साहेबांचं तोंड नासलेल्या दुधावानी. म्हनलं आजोबा, थांबा, मत दिलं का अजून? मी म्हनलं न्हाय. म्हनलं पेन खाली ठेवा. मग सांगितलं, मतदार ओळखता येईल अशी कसलीबी खून मतपत्रिकेवर असली की मोजताना ते मत बाद. मी म्हनलं देवाचं नाव असलं तरी? ते म्हनलं देवाचं असलं तरी.

साहेब भाईर जाऊन फोनवर. दुसरे साहेब माझ्याकडं बघत, मी पुट्ट्याकडं बघत. मी तवा काय बोललो न्हाय, जल्मात पयल्यांदा, पोलीस बी चकित झाला. एवढंच मनात, म्या माझ्या हातानं दुसऱ्यांदा रांग सोडली. पन बगा, मी तोंड उघडलं नसतं तर तोच कागद लिफाफ्यात गेला असता आनि मला जल्मात कळलं नसतं. माझ्या तोंडाला नावं ठेवनाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

साहेब आत आले, म्हनलं चुकून झालंय हे वरिष्ठांना पटलंय, खराब मतपत्रिका परत द्या, दुसरी देतो. जुनी त्यांनी वेगळ्या पाकिटात घातली, लिवून ठेवलं, नवी दिली. मी डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, लाथ मारनाऱ्या म्हशीचा पाय बांधावा तसं, आनि एक खून केली. घडी घातली, बारक्या लिफाफ्यात, तो चिकटवला, तो आनि सहीचा कागद मोठ्या लिफाफ्यात, तो बी चिकटवला. म्हनलं साहेब, श्रीबिगर दिलंय, देव रागावंल काय? ते म्हनलं देव आमच्या मतदार यादीत नाही, आजोबा. आनि हसले, पयल्यांदाच.

मतदानाच्या दिवशी मी खुर्चीत, दारात. गल्ली समदी बूथवर चालली, जाताना जो तो विचारतोय, आप्पा, कुनाला दिलं. मी गप. पैजा लागल्या माझ्यावर, सांजपातूर फुटनार म्हनून. हौसा नवं लुगडं नेसून एकटी निघाली. इतकी वर्सं मी तिला संगं न्यायाचो, वाटंत सांगायचो कुठलं बटन दाबायचं, ती मान हलवायची, मी म्हनायचो आमच्या घरातली दोन मतं. दुपारी आली घामाघूम, पन तोंडावर उजेड. मी विचारलं कुनाला दिलंस? ती म्हनली तुमी सांगा आदी. मी म्हनलं माझं लिफाफ्यात हाय, सांगायचं नसतंय. ती म्हनली मग माझं मशीनमधी हाय. म्हनलं दर बारीला मी सांगितलेलंच दाबायचीस की. ती चहा गाळत हुती, वर बघितलं न्हाय, म्हनली आडोसा तवा बी हुता.

तवापासनं इचार करतोय, पावणं. बघा, तुमी हे छापनार, तर छापा, पन तुमी बी विचारू नका कुनाला दिलं, मी सांगायचो न्हाय. गुडघं गेलं, म्हशी लेकाच्या हातात गेल्या, पन घरात दोन मतं हायती आनि दोन्ही आपापली हायती. पुढच्या बारीला बी फारम भरीन, तोवर हौसा बी कागदावर म्हातारी हुईल, मग एका खोलीत दोन आडोसं लावून घेऊ. तुमचं बरं हूंदे, तुमच्या दारात दूध-दुभतं ऱ्हाऊंदे. चहा घेतल्याबिगर उठू नका, तुमी काय सरकारी न्हाय.